कॅमेरारिया ओह्रिडेला: पाच मिलिमीटरच्या पतंगाची ओळख

हॉर्स चेस्टनट या युरोपीय झाडाची पाने ऑगस्टमध्येच तपकिरी पडून गळू लागली, की त्यामागे बहुतेक वेळा एक पतंग असतो. त्याची अळी पान आतून पोखरते. बसलेला असताना तो जेमतेम 5 मिमी लांब असतो. 1984 मध्ये तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील मॅसेडोनियात, ओह्रिड सरोवराच्या परिसरात त्याचा उपद्रव लक्षात आला आणि 1986 मध्ये डेश्का व दिमिच यांनी ‘कॅमेरारिया ओह्रिडेला’ या नावाने त्याचे वर्णन केले. संत्रा बागायतदारांना छळणाऱ्या नागअळीचेच हे कुळ, ग्रॅसिलॅरिडी.

नवी जात म्हणून मान्यता देण्यातली अडचण प्रजातीची (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) होती. युरोपात फिलोनोरिक्टर प्रजातीच्या कितीतरी जाती आहेत आणि बहुतेक अशाच दिसतात: सोनेरी-तपकिरी पंख, त्यांवर चकचकीत पांढरे पट्टे. फरक पट्ट्याच्या काळ्या किनारीत आहे. पतंग खोडावर डोके वर करून बसलेला असताना 10 पट भिंग धरावे. फिलोनोरिक्टरमध्ये किनार पट्ट्याच्या डोक्याकडील बाजूला असते, कॅमेरारियात पंखाच्या टोकाकडील बाजूला. याशिवाय डोक्यावर तांबूस केसांचा झुबका, पांढऱ्या पायांवर काळे ठिपके, मागचे पंख राखाडी आणि लांब झालरीचे. ही प्रजाती 1902 मध्येच चॅपमन यांनी वेगळी काढली होती, पण युरोपात तिची एकही जात माहीत नव्हती. त्यामुळे हा पतंग अमेरिकेतून किंवा आशियातून आला असावा, असा तर्क बरीच वर्षे चालला.

पंखांवरचे खवले झडलेल्या नमुन्यात किनारीवर भरवसा ठेवता येत नाही. अशा वेळी पोटाचा भाग वेगळा करून 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये कोमट ठेवतात, मऊ ऊती ब्रशने काढून पाण्याने धुतात आणि जननांगे सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. द्रावणात जास्त वेळ राहिले, तर नाजूक भागही विरघळायच्या बेताला येतात. म्हणून अधूनमधून बाहेर काढून पाहणे हाच खरा उपाय. 1999 मध्ये मादीच्या कामगंधाचे, म्हणजे नराला आकर्षित करणाऱ्या गंधाचे, रसायन ओळखले गेले आणि कामगंध सापळे आले. ते उपयोगाचे आहेत, पण चिकट पत्र्यावरचे पतंग खवले गमावतात. ओळखीसाठी नमुना हवा असेल, तर कोरडा सापळा लावावा किंवा पोखरलेली पाने जाळीच्या डब्यात ठेवून पतंग बाहेर पडू द्यावेत.

1989 मध्ये हा पतंग ऑस्ट्रियात लिंझजवळ सापडला आणि तिथून पसरत 2002 मध्ये लंडनच्या विम्बल्डनपर्यंत पोहोचला. या काळात सर्वाधिक गल्लत झाली ती पानावरील डागांची. ग्विग्नार्डिया बुरशीचे डागही तपकिरीच, पण त्यांना पिवळी कडा असते आणि ते पोकळ नसतात. पान उजेडासमोर धरले, की पोखरलेला भाग अर्धपारदर्शक दिसतो, आत विष्ठेचे काळे कण आणि चपटी अळी किंवा गोल कोषकक्ष दिसतो. पोखरण वरच्या पृष्ठभागाखाली होते. सुरुवातीला छोटा गोल, पुढे शिरांमध्ये लांबट पट्टा. कधी कधी ही जात सिकॅमोर मेपलवरही येते. तिथे जास्त जपून पाहावे लागते, कारण मेपलवरची फिलोनोरिक्टर जेनिक्युलेला पानाच्या खालून पोखरते आणि पान न उलटता नोंद केली तर नाव चुकते. हिमालयातल्या इस्क्युलस इंडिका या हॉर्स चेस्टनटच्या नातलग झाडावर मात्र अळीची वाढ सहसा पूर्ण होत नाही.

मूळ ठिकाणाचा वाद अखेर जुन्या हर्बेरियमने, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाने, सोडवला. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वाळवलेल्या चेस्टनटच्या पानांत दाबल्या गेलेल्या अळ्या शोधून त्यांचा डीएनए तपासला गेला. त्यातली सर्वांत जुनी पाने ग्रीसमध्ये 1879 साली गोळा केलेली होती. हॉर्स चेस्टनट नैसर्गिकरीत्या आग्नेय युरोपातील बाल्कनच्याच डोंगरदऱ्यांत वाढतो, आणि तिथल्या पतंगांत डीएनएची विविधता इतर युरोपपेक्षा कितीतरी जास्त आढळते. म्हणजे पतंगाचे मूळ घरही बाल्कनच. जातीचे वर्णन झाले त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी ती अळी वनस्पतींच्या संग्रहात येऊन पडली होती.