विक्रांत वेगळी, विराट वेगळी

आधी एक क्लिअर करू. १९७१ च्या भारत-पाक युद्धात तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले ते विक्रांत या आपल्या विमानवाहू जहाजाने. विराट ही दुसरी विमानवाहू तेव्हा आपल्याकडे नव्हतीच, ती ब्रिटिश नेव्हीत होती आणि नाव होतं हर्मिस. तरी दर नेव्ही डेला कुणीतरी विराटचा फोटो टाकून खाली ७१ ची स्टोरी लिहितंच.

गोंधळ होणं तसं साहजिक आहे म्हणा. दोघीही विमानवाहू, दोघीही ब्रिटिश, दोघींचं काम दुसऱ्या महायुद्धात सुरू झालं आणि तेही एकाच कंपनीकडे, विकर्स आर्मस्ट्राँगकडे. विक्रांत म्हणजे मूळची हर्क्युलिस, १९४५ ला पाण्यात उतरली पण युद्ध संपलं आणि काम थांबलं, मग अर्धवट सांगाडा नुसता पडून, तो १९५७ ला आपण घेतला, बेलफास्टला पूर्ण करून घेतला आणि ४ मार्च १९६१ ला ती नेव्हीत आली. म्हणजे ब्रिटिशांनी ती कधी वापरलीच नाही. विराटचं उलटं, ती १९५९ पासून त्यांच्याकडे राबली, १९८२ च्या फॉकलंड युद्धात (अर्जेंटिनाविरुद्ध) त्यांची फ्लॅगशिप, म्हणजे ताफ्याचं मुख्य जहाज होती, आणि आपल्याकडे आली १९८७ ला. साइजनेही विराट बरीच मोठी, फुल लोडला जवळपास २८ हजार टन, विक्रांत २० हजारांच्या आतच.

७१ ची गंमत अशी की विक्रांत तेव्हा धड फिट पण नव्हती. चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला, त्यामुळे स्पीड कमी, आणि कॅरियरला स्पीड लागतो तो नुसता पळायला नाही, सी हॉक किंवा अलिझे विमान कॅटापल्टने, म्हणजे डेकवरच्या ढकलयंत्राने उडवायचं तर डेकवर समोरून वारा मिळायला हवा आणि तो बराचसा जहाजाच्याच वेगातून येतो. तरीही तिला बंगालच्या उपसागरात पाठवलं आणि ४ डिसेंबरपासून तिने हल्ले सुरू केले. पाकिस्तानची गाझी पाणबुडी तिच्याच शोधात विशाखापट्टणमपर्यंत आली आणि तिथेच बुडाली, विक्रांत तेव्हा अंदमानच्या बाजूला होती. माझ्या मते दोघींच्या इतिहासात याच्या तोडीचं दुसरं काही नाही. विराट २००१-०२ च्या ऑपरेशन पराक्रमसारख्या, पाकिस्तानशी तणावातल्या तैनातीत होती, पण आपल्याकडे असताना अशी लढाई तिच्या वाट्याला आली नाही.

फोटोत ओळखायचं तर पुढचं टोक बघा, वर वळलेलं असेल तर विराट असं बरेच जण सांगतात, पण तेही अर्धंच खरं. ऐंशीच्या दशकात सी हॅरियर विमानं आल्यावर विक्रांतलाही स्की जंप, म्हणजे तसंच वर वळलेलं टोक बसवलं, त्यामुळे तिचे शेवटचे फोटो फसवतात. नंबर दिसला तर बेस्ट, विक्रांत आर ११ आणि विराट आर २२.

आणि म्युझियम कुठली झाली? तीही विक्रांतच. १९९७ ला डीकमिशन झाली, मुंबईत २०१२ पर्यंत लोकांनी आत फिरून बघितली, मग २०१४ ला ६० कोटींना विकली आणि मुंबईतच दारूखाना या जहाजं तोडायच्या भागात तोडली. बजाजची व्ही बाइक आठवते ना, त्यात तिचंच लोखंड होतं. विराट २०१७ ला रिटायर झाली, म्युझियमचे प्लॅन बरेच झाले, अगदी सिंधुदुर्गात निवतीजवळ ठेवायचं पण चाललं होतं, शेवटी २०२० ला गेली गुजरातेत अलंगला भंगारात.

आता २०२२ ला कोचीत बनलेली नवी विक्रांत आलीय, तिलाही नंबर दिलाय आर ११ च, घ्या!