चित्रविक्री, ऑनलाइन (मराठवाडा)

कलादालन किंवा दलाल मध्ये न घेता चित्रकाराने स्वतः काढलेले मूळ चित्र समाजमाध्यमे, विक्रीची संकेतस्थळे किंवा स्वतःचे संकेतस्थळ यांच्या आधारे ग्राहकापर्यंत नेऊन विकणे, या व्यवहारास चित्रांची ऑनलाइन विक्री म्हणतात. मूळ चित्र म्हणजे चित्रकाराच्या हातचे, एकमेव असे काम. त्याच्या छापील प्रती सहीच्या आणि मर्यादित संख्येच्या असल्या तरी त्यांचा वर्ग निराळा. दालनात चित्र टांगणे, त्यावर योग्य प्रकाश सोडणे, आलेल्याशी बोलणे, बिल करणे आणि चित्र बांधून पाठवणे ही कामे दालनाची माणसे करतात व त्याबद्दल विक्रीच्या किमतीतून साधारणतः ३० ते ५० टक्के घेतात. ऑनलाइन विक्रीत ही सगळी कामे चित्रकाराच्याच गळ्यात पडतात. त्यामुळे वाचलेले कमिशन म्हणजे निव्वळ नफा, हा नवख्यांमध्ये आढळणारा समज टिकत नाही.

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत चित्रकलेचे शिक्षण बऱ्यापैकी रुजलेले आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना तालुक्याच्या शाळांतूनही मुले बसतात, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कला महाविद्यालय आहे आणि इतर जिल्ह्यांतही कलाशिक्षणाच्या संस्था आहेत. उणीव आहे ती बाजाराची. वर्षभर चित्रे विकणारी दालने या भागात मोजकीच असल्याने चित्रकाराला मुंबई-पुण्याकडे पाहावे लागते. मुंबईच्या जहांगीर कलादालनात (स्थापना १९५२) तारीख मिळेपर्यंत दीर्घ प्रतीक्षा असते, आणि मिळाल्यावर भाडे, फ्रेम, निमंत्रणपत्रिका, मुक्काम व देवगिरी किंवा नंदीग्राम एक्सप्रेसने चित्रे नेण्या-आणण्याची यातायात हा सारा खर्च विक्री होण्याआधीच करावा लागतो. म्हणून येथील बहुतेक चित्रकार कलाशिक्षकाची नोकरी, शाळांच्या भिंती रंगवणे किंवा ऑर्डरची व्यक्तिचित्रे यांवर घर चालवतात आणि स्वतःची चित्रे उरल्या वेळात काढतात. २०२० साली टाळेबंदीत दालने बंद पडली, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकजण मोबाइलवरून विक्रीकडे वळले. ऑनलाइन विक्रीने अंतराची अडचण बरीचशी मिटवली. पण न पाहिलेल्या वस्तूवर विश्वास कसा बसवायचा, हा प्रश्न तिच्याच बरोबर आला, आणि या व्यवसायातील जवळजवळ प्रत्येक रीत त्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून घडलेली आहे.

पहिले उत्तर छायाचित्राचे. पडद्यावर दिसलेला रंग आणि घरी पोहोचलेला रंग यांत फरक पडला की चित्र परत येते. मराठवाड्यातील ऊन प्रखर असते. उघड्या अंगणात काढलेल्या छायाचित्रात पांढरे भाग जळतात व जाड रंगाचे फटकारे चकाकतात. त्यामुळे सकाळी सावलीत, उत्तरेकडच्या खिडकीपाशी किंवा दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे ठेवून, फ्लॅश न वापरता छायाचित्र घेतात. कॅमेरा चित्राच्या मध्यासमोर आणि चित्राला समांतर हवा, नाही तर चौकट तिरकी दिसते. पूर्ण चित्राबरोबर पोत दाखवणारा जवळचा भाग, कॅनव्हासची कड, मागची बाजू आणि भिंतीवर लावल्यावर किती मोठे दिसते याचा अंदाज देणारे एक छायाचित्र, एवढे दिल्यास ग्राहकाच्या निम्म्या शंका विचारण्याआधीच फिटतात. समाजमाध्यमांसाठी १०८० पिक्सेल रुंदीची प्रतिमा पुरते. पुढे ए-३ आकाराच्या छापील प्रती काढायच्या असतील तर इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने सुमारे ३५०८ × ४९६१ पिक्सेलची मूळ फाइल जपून ठेवावी लागते. ही मोठी फाइल संकेतस्थळावर टाकू नये, कारण तिच्यावरून कोणीही प्रती छापू शकतो.

वर्णनात माध्यम, आधार (कॅनव्हास, कागद, बोर्ड), इंचांतील माप, वर्ष, फ्रेम आहे की नाही आणि सही कोठे आहे, हे लिहिलेले असावे. ‘मनाला भिडणारी कलाकृती’ अशा ओळींनी यातील काहीच कळत नाही. प्रत्येक चित्रासोबत सही केलेले प्रामाणिकतेचे प्रमाणपत्र देण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. छापील प्रत असल्यास ३/२५ असा क्रमांक घालतात, म्हणजे पंचवीस प्रतींपैकी तिसरी. संपलेली आवृत्ती पुन्हा छापणे ही आधीच्या खरेदीदारांची फसवणूकच होय.

मूळ आणि अनुकृती यांतील भेद या प्रदेशात विशेष महत्त्वाचा ठरतो. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी व चित्रकार रॉबर्ट गिल यांनी १८४० च्या दशकात हे काम सुरू केले आणि त्यांच्या बऱ्याच प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. पुढे कलाशिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रती केल्या. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी आजही पर्यटकांसाठी कागदावर, कापडावर रंगवला जातो. ही चित्रे प्राचीन असल्याने त्यांची अनुकृती करण्यास स्वामित्वहक्काची आडकाठी नाही. मात्र ती विकताना ‘अजिंठ्यावरून केलेली अनुकृती, अमुक माध्यम’ असे स्पष्ट लिहावे. हातचे कौशल्य उच्च प्रतीचे असूनही केवळ ‘ओरिजिनल’ हा शब्द ढिलाईने वापरल्याने विक्रेत्याची पत जाते. समकालीन चित्रकाराच्या चित्राची नक्कल विकणे ही मात्र वेगळी बाब असून ती कायद्याने गुन्हा ठरू शकते.

किंमत ठरवण्याची सर्वांत सोपी रीत चौरस इंचाची आहे. १८ × २४ इंचांचे चित्र ४३२ चौरस इंच भरते. दर १५ रुपये धरल्यास ६,४८० रुपये होतात, आणि फ्रेम व पाठवणी वेगळी. मोठ्या चित्रांना दर थोडा उतरता ठेवतात. तासांच्या हिशेबाने किंमत काढण्यात एक विसंगती राहते, ती म्हणजे हात बसलेला चित्रकार कमी वेळात चांगले काम करतो आणि त्याचीच किंमत घटते. दालनात एक आणि मोबाइलवर दुसरी किंमत ठेवणे आत्मघातकी आहे, कारण दोन्हीकडचे ग्राहक तेच असू शकतात. ओळखीच्या माणसांना ‘घरचे म्हणून’ चित्र फुकट देण्याची आपल्याकडील रीत किंमतीच्या या सगळ्या हिशेबाला छेद देते, हेही नोंदवायला हवे.

विक्रीच्या जागा तीन प्रकारच्या आहेत. इन्स्टाग्राम व फेसबुकवर काम दाखवले जाते, तर व्यवहार बहुधा व्हॉट्सॲपवर पक्का होतो. कामाचे टप्पे दाखवणारी रील पाहणारे पुष्कळ मिळतात, पण पाहणारा आणि घेणारा एकच नसतो. एट्सीसारख्या परदेशी बाजारपेठेत प्रत्येक नोंदीला ०.२० डॉलर व विक्रीवर ६.५ टक्के शुल्क लागते आणि नोंद चार महिने टिकते. स्वतःच्या संकेतस्थळावर कमिशन नाही, पण तेथे येणारी वाट चित्रकारालाच पाडावी लागते. जुन्या ग्राहकांची यादी नीट ठेवून नवे काम आधी त्यांना कळवणे हे या तिन्हींहून अधिक फळ देते, असे दिसते. व्यक्तिचित्रांच्या ऑर्डर तर बहुतांशी अशा ओळखीतूनच येतात.

स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार चित्र निर्माण होताच हक्क जन्मतो, त्यासाठी नोंदणी आवश्यक नसते, आणि तो चित्रकाराच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे राहतो. चित्र विकले म्हणजे प्रती छापण्याचा हक्क विकला असे होत नाही. त्याचे हस्तांतर लेखीच व्हावे लागते. ऑर्डरच्या कामात मात्र नेमके उलट होते. मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा पहिला हक्कदार, उलट करार नसल्यास, काम सांगणारा ठरतो (कलम १७). म्हणून आगाऊ रक्कम घेताना दोन ओळींचा लेखी मजकूर करून ठेवावा. कलम ५३अ मध्ये दहा हजार रुपयांहून अधिक किमतीच्या पुनर्विक्रीत चित्रकाराला वाटा देण्याची तरतूद आहे. प्रत्यक्षात तो मिळवणारे विरळा. हाताने काढलेल्या चित्रांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला. महाराष्ट्रात वस्तूंच्या विक्रीसाठी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वार्षिक ४० लाख रुपये आहे, परंतु परराज्यातील विक्री आणि विक्री-संकेतस्थळे यांना वेगळे नियम लागू होत असल्याने सुरुवातीलाच कर सल्लागाराला विचारणे हिताचे.

सर्वाधिक नुकसान पाठवणीत होते. तैलरंग वरून कोरडा वाटला तरी आतून ओला असतो. त्याला पूर्ण सुकण्यास सहा महिने ते वर्षही लागते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर गेल्यावर पार्सलच्या गाडीत ॲक्रिलिकही मऊ पडते, आणि त्यावर थेट बबल रॅप गुंडाळला असेल तर फुगे रंगावर उमटतात. त्यामुळे आधी ग्लासीन (पातळ, गुळगुळीत कागद) किंवा साधा बटर पेपर, मग बबल रॅप, मग प्लायवुड किंवा जाड पुठ्ठ्याच्या पाट्या असा क्रम ठेवतात. फ्रेमला काचेऐवजी ॲक्रिलिक शीट लावतात. गुंडाळून पाठवायचे झाल्यास रंगाची बाजू बाहेर ठेवावी, म्हणजे थराला सुरकुत्या व भेगा कमी पडतात. नळीसाठी शेतीच्या दुकानात मिळणारा पीव्हीसी पाईप कापून वापरता येतो. कुरिअरवाले बहुधा लांबी, रुंदी व उंची (सेंटिमीटर) यांच्या गुणाकाराला ५००० ने भागून आकारमानाचे वजन काढतात. १०० × ७५ × १० च्या सपाट पेटीचे असे वजन १५ किलो भरते, तर १०० × १२ × १२ च्या नळीचे तीन किलोंच्या आत राहते. नव्या विक्रेत्याचा नफा याच फरकात जातो.

फसवणुकीचे प्रकारही ठरलेले आहेत. ‘पैसे पाठवतो, क्यूआर कोड स्कॅन करा’ असे म्हणणारा पैसे काढून घेत असतो. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही. जास्त रक्कम पाठवल्याचा बनावट संदेश दाखवून फरक परत मागणे हा दुसरा प्रकार. पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

परदेशी विक्रीसाठी परकीय व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात संकेतांक घ्यावा लागतो. टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्रांमुळे लहान पार्सलांची कागदपत्रे आता मुंबईला न जाता करता येतात. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंच्या आणि राजा रविवर्मा, अमृता शेरगिल यांच्यासारख्या कलानिधी घोषित चित्रकारांच्या चित्रांच्या निर्यातीवर बंधने आहेत. हयात चित्रकाराच्या नव्या चित्राला ती लागू होत नाहीत. तरीही चित्र जुन्या शैलीतील असल्यास, आणि अजिंठ्याच्या अनुकृतींबाबत हे विशेषतः संभवते, सीमाशुल्क अधिकारी ते पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र मागू शकतात.