नळीचा पीळ आणि गोळीचे वजन : नळी बदलायला सांगण्याआधी वाचावे

“नळी गेली, बदलून द्या” असे सांगत आमच्याकडे आणलेल्या कितीतरी रायफलींची नळी ठणठणीत निघते. बिघडलेली असते ती जोडी. नळीतल्या खाचांचा पीळ एका गोळीसाठी आणि काडतूस भलत्याच गोळीचे. यात ग्राहकाचे दोन-तीन आठवडे जातात आणि आमचेही, म्हणून हे पत्रक.

नळीवर १:१२ किंवा १:८ असे कोरलेले असते. १:८ म्हणजे आठ इंच पुढे जाताना गोळी स्वतःभोवती एक पूर्ण फेरा घेते. आकडा जितका लहान, तितका पीळ जलद. हे बहुतेकांना ठाऊक असते. गडबड होते ती पुढे : लोक खोक्यावरचे ग्रेन, म्हणजे गोळीच्या वजनाचे एकक, तेवढे वाचतात. पिळाला गोळीच्या वजनाशी थेट काही देणेघेणे नाही, त्याला लांबी कळते. हवा लांब गोळीचे नाक उलटवायला बघते आणि फिरकी ते सरळ धरून ठेवते. भोवरा जोरात फिरतो तोवर ताठ उभा असतो, जोर ओसरला की डुलायला लागतो, तसेच हे. एकाच कॅलिबरमध्ये जाडी ठरलेली असल्यामुळे वजन वाढले की लांबी वाढते, आणि म्हणून आपण सोयीने ‘जड गोळीला जलद पीळ’ म्हणतो.

ही सोय फसते ती संपूर्ण तांब्याच्या गोळीत. तांबे शिशापेक्षा हलके, त्यामुळे तेवढ्याच ग्रेनची तांब्याची गोळी लांब भरते. शिशाची गोळी ज्या नळीतून एका भोकात एक जात होती, तिथूनच तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी फाकते आणि दोष नळीला लागतो.

एका ग्राहकाने आणलेला टार्गेटचा कागद आम्ही जपून ठेवला आहे. .२२३ (हे काडतुसाचे नाव) ची रायफल, पीळ १:१२, गोळ्या ६९ ग्रेनच्या. पाचांपैकी दोन भोके गोल, दोन लांबट, आणि एका ठिकाणी गोळीची अख्खी कूस आडवी उमटलेली. कागदावर असे लांबट भोक दिसले की समजावे, गोळी डुलत किंवा कोलांट्या खात आली. त्याच दिवशी त्याच नळीतून ५५ ग्रेनच्या गोळ्या मारून पाहिल्या, पाचही भोके गोल आली. नळी बदलायची गरज उरली नाही.

.२२३ साठी आमचा ढोबळ हिशेब असा : १:१२ ला ५५ ग्रेनपर्यंत, १:९ ला ६९ च्या आसपास, १:८ ला ७७, आणि त्याहून लांब गोळ्यांना १:७. .३०८ मध्ये १:१२ वर १५० ते १६८ ग्रेन छान चालतात, १७५ च्या पुढे जायचे तर आम्ही १:१० सुचवतो. स्वतः हिशेब करायचा असेल तर ब्रिटिश गणितज्ञ ग्रीनहिल यांचे १८७९ चे सूत्र अजून कामाला येते. गोळीच्या व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणा आणि लांबीने भागा, सगळे इंचात. वेग सेकंदाला २८०० फुटांच्या वर असेल तर १५० ऐवजी १८० घ्या. .२२४ इंच व्यासाची, एक इंच लांब गोळी १५० ने मोजली तर उत्तर साडेसात येते, म्हणजे पीळ १:७.५. मात्र हे सूत्र शिशाच्या गाभ्याच्या गोळीचे आहे, तांब्याला याहून जलद पीळ धरा.

काठावरची जोडी निवडू नका. थंड हवा दाट असते आणि दाट हवेत फिरकी कमी पडते. अमेरिकन सैन्याच्या एम-१६ रायफलीचा पीळ सुरुवातीला १:१४ होता, तो याच कारणाने १:१२ करावा लागला. मोठ्या कंपन्यांनाही याचा फटका बसला आहे. रेमिंग्टनने १९५५ मध्ये .२४४ आणली ती १:१२ पिळाची, १०० ग्रेनच्या टोकदार गोळ्या तिला भरवशाने पेलत नव्हत्या. त्याच वर्षी आलेली विंचेस्टरची .२४३ ही १:१० ची, ती पुढे निघून गेली. १९६३ मध्ये रेमिंग्टनने तेच काडतूस ६ मिमी रेमिंग्टन या नावाने १:९ पिळात पुन्हा आणले.

मग सरसकट जलदच पीळ का नको? बहुतेकांना चालतो, आम्हीही शंका असेल तर जलद बाजूला झुकतो. फक्त पातळ कवचाच्या हलक्या गोळ्या सांभाळा. १:७ मधून सेकंदाला ३००० फुटांनी निघालेली गोळी मिनिटाला तीन लाखांहून जास्त फेरे घेते आणि असे कवच हवेतच फाटू शकते.

ऑर्डर घेण्याआधी आम्ही प्रत्येक नळीचा पीळ स्वतः मोजतो, तोही तीनदा. “कोरलेलाच आहे की” म्हणून काहींना हा उशीर वाटतो. पण कोरलेला आकडा आणि प्रत्यक्ष पीळ यांत फरक आम्ही पाहिला आहे, आणि नळी एकदा कापली की परत जोडता येत नाही. घरी मोजायचे तर रायफल रिकामी असल्याची खात्री करा, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा भाग) काढा, मोकळी फिरणारी मूठ असलेल्या सफाईच्या गजाला घट्ट फडके लावून आत घाला, गजावर खूण करा आणि एक फेरा पुरा होईपर्यंत गज किती इंच सरकला ते पाहा. फडके सैल असेल तर ते खाचांवरून घसरते आणि पीळ आहे त्यापेक्षा मंद दिसतो.

येताना काडतुसाचे खोके आणि मारलेला कागद बरोबर आणा. पीळ आम्ही तुमच्यासमोरच मोजतो आणि जोडी जमत नसेल तर आधी गोळी बदलून पाहायला सांगतो, नळीचे नंतर बोलू.