बोअर वेगळा, नंबर वेगळा

१ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेतलं. त्या आठवड्यात आमच्या भावकीतली पोरं बंदुकीशिवाय दुसरं काही बोलतच नव्हती. एकानं विचारलं, "स्वप्नीलची पॉइंट टू-टू म्हणजे बावीस, आणि आबांची दुनळी बारा. मग मोठी कुठली?"

पोरानं विचारलं म्हणून हसू नये. परवाना हातात असलेली मोठी माणसंही इथं चुकतात.

रायफलचा असा पॉइंटचा आकडा इंचात असतो. पॉइंट टू-टू म्हणजे ५.६ मिलिमीटरची नळी. दुनळीचा बारा हे मापच नाही, ती मोजदाद आहे. एक पौंड, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम शिसं घेऊन त्याचे बारा सारखे गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. गोळा भरतो ३८ ग्रॅमच्या आसपास, नळी होते साडेअठरा मिलिमीटर. वीस गोळे केले तर प्रत्येक लहान, म्हणून वीस बोअरची नळी बारापेक्षा अरुंद. (४१० तेवढी वेगळी. तो आकडा इंचाचाच आहे.)

नंबर मात्र काडतुसाचा, म्हणजे आतल्या छर्ऱ्याचा. चार नंबरचा छर्रा तीन मिलिमीटरच्या जरा वर, सहाचा त्याहून बारीक, आठचा आणखी बारीक. जाडीकडे गेलं की अक्षरं लागतात: बीबी, मग एसजी, एलजी. चार नंबरच्या काडतुसात दीडशेच्या वर छर्रे मावतात, एसजीचे जेमतेम आठ-नऊ. बोअर काय, नंबर काय, दोन्हींत आकडा वाढला की माप घटतं. घोटाळ्याचं मूळ तिथंच आहे. पण नंबर दर काडतुसागणिक बदलता येतो. बोअर बंदुकीबरोबर जन्मतो, नळीवर कोरलेला असतो आणि परवान्यावर लिहिलेला असतो.

नंबर चुकला तर नेम वाया जातो. बोअर चुकला तर हात जातो. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरमध्ये टाकलं की ते तोंडाशी अडकत नाही, आत घसरतं आणि पुढं नळी अरुंद होते तिथं बसतं. चाप ओढला तर काहीच होत नाही. माणसाला वाटतं, भरायचं राहिलं. तो मागून बाराचं काडतूस घालतो आणि पुन्हा चाप ओढतो. नळी फुटते, तीही बहुधा डावा हात जिथं असतो तिथंच. म्हणून वीस बोअरची काडतुसं सहसा पिवळी करतात. माझ्या चुलत्यांच्या घरी दोन्ही बंदुका होत्या आणि काडतुसं एकाच पत्र्याच्या डब्यात. ते बघून माझ्या पोटात गोळा आला होता.

जुन्या दुनळीचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग, ६५ मिलिमीटर लांबीचं असू शकतं. त्यात ७० चं काडतूस बसतं, कारण न उडालेल्याचं तोंड दुमडलेलं असतं. उडताना ते उलगडायला जागा उरत नाही आणि दाब धोक्याचा वाढतो. चेंबरची लांबी बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून मोजून घ्यावी.

शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद आहे. पीक राखण्याचा परवाना म्हणजे उसात शिरलेला गवा किंवा डुक्कर मारायची मुभा नव्हे, त्याला वनखात्याची परवानगी लागते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकासाठी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून भरायची बंदूक आणि संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच लांबीच्या, आतून गुळगुळीत नळीची बंदूक, असा फरक आहे. उडत्या चकत्या फोडायच्या ऑलिंपिक प्रकारच्या स्पर्धेत २४ ग्रॅम छर्ऱ्याचं काडतूस चालतं आणि छर्रा जास्तीत जास्त २.६ मिलिमीटरचा.

घरासाठी घेणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे: एसजी घरात नको. फळी आणि पातळ पत्रा ओलांडून ते शेजारच्या खोलीत जातं, आणि तिथं पोरं झोपलेली असतात. बारीक छर्राही खोलीच्या अंतरावर फारसा पसरत नाही, मूठभर जागेतच लागतो आणि जीव घेतो. तेव्हा बंदूक रिकामी, कुलपात, आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात.

चुलत्यांनी आता दोन डबे केलेत. तरीही भरण्याआधी प्रत्येक काडतुसाचं बूड उजेडात धरून आकडा मोठ्यानं वाचायचा, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.