एकाच डिस्कवर आले म्हणून सगळे जीपीएल होते का?

जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा एक परवाना. समज असा: लिनक्स वितरणात (एकत्र बांधून दिलेल्या सॉफ्टवेअरच्या संचात) एक जरी जीपीएल प्रोग्रॅम घातला, तर त्याच डिस्कवरचे बाकी सॉफ्टवेअरही जीपीएलखाली येते.

तसे होत नाही. 1991 च्या जीपीएल 2 मध्येच, कलम 2 च्या शेवटी, लिहिले आहे की स्वतंत्र कामे एका माध्यमावर नुसती शेजारी ठेवल्याने हा परवाना त्यांना लागू होत नाही. जीपीएल 3 मध्ये तीच तरतूद कलम 5 च्या अखेरीस आहे. जीपीएल भागाचा सोर्स (मूळ कोड) मात्र द्यावाच लागतो. गैरसमजाचे मूळ बहुधा इथेच.

खरी अडचण दोन कोड जोडून एकच प्रोग्रॅम बनतो तेव्हा येते. ‘फक्त जीपीएल 2’ असलेल्या प्रोग्रॅमला अपाचे 2.0 या दुसऱ्या मुक्त परवान्याखालची लायब्ररी (तयार कोडचा संच) लिंक केली, म्हणजे जोडली, की अपाचेच्या पेटंटविषयक अटी जीपीएल 2 ला न चालणारे जादा बंधन ठरतात. जीपीएल 3 ला त्या चालतात. म्हणून फाइलीच्या डोक्यावरची ओळ नीट वाचावी: ‘आवृत्ती 2 किंवा नंतरची कोणतीही’ असे असेल, तर 3 निवडून सुटका होते. नुसत्या परवान्याच्या फाइलीवरून हे कळत नाही.

परवाना तपासायचा तर डेबियन या लिनक्स वितरणात ‘/यूएसआर/शेअर/डॉक’खाली पॅकेजच्या फोल्डरात ‘कॉपीराइट’ फाइल असते, ती उघडा. मग प्रोग्रॅमवर ‘एलडीडी’ ही आज्ञा चालवून जोडलेल्या लायब्ररी पाहा (अनोळखी बायनरीवर, म्हणजे तयार चालणाऱ्या फाइलीवर, नको, ती कधीकधी प्रत्यक्ष चालू होऊ शकते). स्टॅटिक लिंक केलेला (प्रोग्रॅमच्या फाइलीतच मिसळलेला) कोड आणि नंतर लोड होणारे प्लगइन तिथे दिसत नाहीत. त्यासाठी सोर्सच चाळावा लागतो.