पित्ताची गोळी नेमकी कधी घ्यावी?

सकाळी मिसळीवर कट पुन्हा मागून घ्यायचा, रविवारी तांबड्या-पांढऱ्या रश्शावर ताव मारायचा आणि दुपारी छातीत जळजळ सुरू झाली की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पित्ताची गोळी आणून गिळायची, हा क्रम कोल्हापुरातल्या पुष्कळ घरांच्या ओळखीचा आहे. त्या गोळीत बहुतेक वेळा पँटोप्राझोल, ओमेप्राझोल किंवा रॅबेप्राझोल असते. औषधे उत्तम आहेत; परंतु जळजळ सुरू झाल्यानंतर भरल्यापोटी घेतली, तर त्यांचा बराचसा परिणाम वाया जातो.

जठराच्या अस्तरात हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करणाऱ्या पेशी असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर आम्लाचे कण बाहेर ढकलणारे सूक्ष्म पंप असतात. रात्रभर उपाशी असताना यातले बहुतेक पंप पेशीच्या आत निष्क्रिय पडून राहतात आणि अन्न येऊ लागले की पृष्ठभागावर येऊन कामाला लागतात. ओमेप्राझोलच्या गटातली औषधे प्रामुख्याने अशा चालू पंपांनाच कायमची चिकटतात. रक्तात मात्र ती फार काळ टिकत नाहीत. साधारण तास-दीड तासात त्यांचे प्रमाण निम्म्यावर येते. म्हणून पंप सुरू होतील त्या क्षणी औषध रक्तात हजर असावे लागते, आणि त्यासाठीच ही गोळी सकाळी रिकाम्यापोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. एका वेळी सगळे पंप चालू नसल्यामुळे पहिल्या दिवशी परिणाम अपुरा वाटतो. तो पूर्णपणे दिसायला तीन-चार दिवस लागतात. दुपारी गोळी घेऊन तासाभरात आराम पडला नाही म्हणून दुसरी गिळणारा माणूस औषधाकडून त्याला न जमणारे काम मागत असतो.

ओमेप्राझोलची कॅप्सूल उघडून पाहिली तर आत मोहरीपेक्षाही लहान, गोल, पांढरट दाणे दिसतात. प्रत्येक दाण्यावर आम्लात न विरघळणारे आवरण असते, कारण हे औषध जठरातल्या आम्लातच नष्ट होते. दाणे लहान आतड्यात पोहोचल्यावर आवरण विरघळते आणि औषध रक्तात उतरून पुन्हा जठराच्या पेशींपर्यंत येते. गिळायला त्रास होतो म्हणून म्हाताऱ्या माणसांना हे दाणे खलबत्त्यात कुटून देणे किंवा पँटोप्राझोलची गोळी चुरून देणे म्हणूनच टाळावे.

लगेच आराम हवा असेल तर त्याला अँटासिड आहे. त्यातले ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचे क्षार तयार झालेले आम्ल जागच्या जागी निष्प्रभ करतात. नुसत्या ॲल्युमिनियमने मलावरोध होतो आणि नुसत्या मॅग्नेशियमने पोट सुटते, म्हणून बाटलीत सहसा दोन्ही एकत्र असतात. लोहाच्या किंवा थायरॉईडच्या गोळ्या चालू असतील तर अँटासिड आणि त्यांच्यात दोन ते चार तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर त्या नीट शोषल्या जात नाहीत. सोड्याची फसफसणारी पूडही चटकन काम करते, पण तिच्यात सोडियम भरपूर असल्याने रक्तदाबाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ती वरचेवर घेऊ नये. गंगावेशीत धारोष्ण दुधाची परंपरा जपणाऱ्या या शहरात पित्तावर दूध सुचवले जाणे स्वाभाविक आहे. त्याने घटकाभर बरे वाटतेही, पण दुधातली प्रथिने आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल स्रवायला लावतात.

तिखटाबद्दलही थोडे स्पष्ट सांगायला हवे. कांदा-लसूण चटणीने जठरात व्रण होत नाही. जळजळ वाढते हे खरे, आणि त्यात कटावरच्या तेलाच्या तवंगाचाही वाटा असतो, कारण स्निग्ध पदार्थांमुळे जठर उशिरा रिकामे होते आणि अन्ननलिकेच्या तळाशी असलेली झडप सैलावते. व्रणाची मुख्य कारणे दोन. पहिले म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी 1982 मध्ये तो वेगळा करून वाढवला. लोकांना पटेना तेव्हा 1984 मध्ये मार्शल यांनी स्वतः जिवाणूंचे द्रावण प्यायले आणि त्यांच्या जठराला दाह झाला. 2005 मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या जंतूवर आम्ल कमी करणाऱ्या गोळीसोबत दोन किंवा तीन वेगळी औषधे सहसा 14 दिवस द्यावी लागतात. चौथ्या-पाचव्या दिवशी बरे वाटले म्हणून ती सोडली तर जंतू उरतो आणि पुढच्या वेळी त्याच औषधांना दाद देत नाही.

दुसरे कारण घरोघरी डब्यात पडलेले असते: डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या. जठराच्या अस्तराचे रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये या गोळ्या कमी करतात. गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षे त्या घेणारे आजी-आजोबा किंवा ऊसतोडणीच्या दिवसांत अंग दुखते म्हणून रोज एक गोळी टाकणारा मजूर, यांना व्रण होऊन एकदम रक्तस्राव होऊ शकतो, आणि अनेकदा त्याआधी पोट दुखतही नाही. अशा माणसांना वेदनाशामक टाळता येत नसेल तर डॉक्टर सोबत पित्ताची गोळी देतात, ती योग्यच आहे.

एरवी ही गोळी बहुतेकांना चार ते आठ आठवडे पुरते. ती वर्षानुवर्षे चालू ठेवल्यास शरीरातले बी-12 आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते. आपल्याकडे शाकाहारी माणसांत बी-12 आधीच कमी असते, म्हणून त्यांनी अधिक जपावे. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकदम बंद केली की काही आठवडे आम्ल उसळून वाढते आणि ‘गोळीशिवाय जमतच नाही’ असे वाटू लागते. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवावी आणि मधल्या काळात गरजेपुरते अँटासिड किंवा फॅमोटिडिन हे आम्ल कमी करणारे वेगळ्या गटातले औषध घ्यावे.

शौच डांबरासारखे काळे होणे, रक्ताची उलटी, घास अडकणे, कारण नसताना वजन घटणे, रक्त कमी होणे किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असा त्रास सुरू होणे, यांपैकी काहीही असेल तर पुढची गोळी न शोधता तपासणी करून घ्यावी. रक्ताची उलटी किंवा काळे शौच असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, तेव्हा त्या चालू असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे. हेलिकोबॅक्टर जंतूसाठी श्वासाची किंवा शौचाची चाचणी करायची असेल तर पित्ताची गोळी निदान दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे आधी, डॉक्टरांना विचारून, थांबवावी लागतात. कारण गोळीमुळे जंतूंची संख्या तात्पुरती घटते आणि जंतू असूनही अहवालात तो नसल्याचे दिसते.