तुमच्या किल्लीतली ६१७ अंकी संख्या
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पब्लिक कीची (माहिती गुप्त करण्यासाठी सगळ्यांना द्यायच्या किल्लीची) फाइल उघडून पाहणारे ग्राहक आम्हाला हमखास विचारतात: ही लांबलचक संख्या जर कोणालाही दिसते, तर किल्ली सुरक्षित कशी? प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर शाळेतल्याच गणितात आहे.

२०४८ बिटांच्या (० किंवा १ अशा २०४८ अंकांत लिहिता येणाऱ्या) आरएसए किल्लीतली, म्हणजे आरएसए या गुप्तलेखन पद्धतीच्या किल्लीतली, ही संख्या संयुक्त असते. साधारण ३०९ अंकी, म्हणजे १०२४ बिटांच्या, अशा दोन मूळ संख्यांचा तो गुणाकार. त्यामुळे एवढ्या प्रचंड संख्येला विभाजक फक्त चार: १, ती स्वतः आणि त्या दोन मूळ संख्या. गुणाकार खुशाल जाहीर करा. जपायच्या त्या दोन मूळ संख्या, आणि त्या प्रायव्हेट कीच्या (फक्त तुमच्याकडे राहणाऱ्या गुप्त किल्लीच्या) फाइलमध्ये असतात.

संख्या संयुक्त आहे हे ओळखणे सोपे आहे. २ चा घात काढा, घातांक त्या संख्येहून एकने कमी घ्या, आणि येणाऱ्या उत्तराला त्याच संख्येने भागा. बाकी १ उरली नाही, तर ती विषम संख्या संयुक्तच. संगणक हे क्षणात करतो. पण अवयव कोणते, याचा त्यातून पत्ताही लागत नाही. २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी २१ अंकी संख्या संयुक्त आहे, हे गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी १८७६ मध्ये एकही अवयव न सांगता दाखवले. १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ हे तिचे अवयव गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल यांनी मांडले ते थेट १९०३ मध्ये. आमच्या मते गणितातली ही फार सुंदर गोष्ट आहे, आणि तुमच्या किल्लीचा सगळा भरवसा तिच्यावरच आहे.

मात्र नुसते अंक वाढवून भागत नाही. ८०५१ घ्या. तिच्या वर्गमूळाच्या लगेच वरचा पूर्णांक ९०, त्याचा वर्ग ८१००. वजाबाकी ४९, म्हणजे ७ चा वर्ग. झाले! ९० − ७ = ८३ आणि ९० + ७ = ९७; ८३ × ९७ = ८०५१. पहिल्याच प्रयत्नात संख्या फुटली, कारण दोन्ही अवयव जवळजवळ होते. गणितज्ञ फर्मा यांची ही रीत ६१७ अंकी संख्येलाही लागू पडते. म्हणून २०४८ बिटांच्या किल्लीत दोन मूळ संख्यांमधला फरक २ च्या ९२४ व्या घातापेक्षा जास्त आहे ना, हे किल्ली बनवणारा आमचा प्रोग्राम तपासतो.

दुसरा धोका मसाविचा. दोन वेगळ्या किल्ल्यांत एक मूळ संख्या सामाईक निघाली, तर त्या दोन जाहीर संख्यांचा मसावि काढताच दोन्ही किल्ल्या उघड्या पडतात. २०१२ मध्ये संशोधकांना इंटरनेटवर अशा हजारो किल्ल्या सापडल्या. मूळ संख्यांचा तुटवडा हे त्याचे कारण नव्हे. १०२४ बिटांपर्यंतच त्या १० च्या ३०५ व्या घाताहून अधिक आहेत. बरीच उपकरणे चालू झाल्या झाल्या, पुरेशी यादृच्छिकता (अंदाज बांधता न येणारे आकडे) जमण्याआधीच किल्ली तयार करत होती. म्हणून नवे उपकरण चालू केल्याबरोबर किल्ली बनवू नका.

किल्ली बनताना थोडा वेळ लागला तर काळजी नको. १०२४ बिटांच्या आसपास सुमारे ७१० संख्यांमागे एकच मूळ असते, ती शोधावी लागते.

१९७७ मध्ये आव्हान म्हणून दिलेल्या १२९ अंकी संख्येचे अवयव १९९४ मध्ये सापडले. २५० अंकी संख्येचे २०२० मध्ये, आणि त्यासाठी एका प्रोसेसर कोअरच्या हिशेबाने सुमारे २७०० वर्षांचे काम लागले. १०२४ बिटांची, म्हणजे ३०९ अंकी, जुनी किल्ली अजून वापरात असेल तर ती लगेच बदलून घ्या.

किल्ली तुमच्याच संगणकावर तयार होते. प्रायव्हेट कीची फाइल आमच्याकडे येत नाही. आमच्या नावाने ती कोणी मागितली, तर देऊ नका आणि आम्हाला कळवा.